हवालदाराचा पाय, हौसाबाईच्या टाचा

माणसं डॉक्टरला तोंड दाखवायची आणि मला पाय. मिरजेच्या एका मोठ्या रुग्णालयात मी परिचारिका होते, आणि सत्तरच्या दशकातली बरीचशी वर्षं माझी नेमणूक ड्रेसिंगच्या खोलीत होती. जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, टाके काढायचे. हात, डोकी, पाठी सगळं यायचं. पण म्हातारी माणसं यायची ती बहुतेक पाय घेऊनच. जतकडून, कवठे महांकाळकडून, पार माणदेशातून. एसटीतून उतरून, भिंतीला धरत धरत माझ्या दारातल्या बाकापर्यंत पोचायची.

आमचे वडील तासगावकडच्या एका खेड्यातले. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी लहान होते. मला नोकरी लागली आणि मी काय काम करते ते वडिलांना कळलं, तेव्हा ते म्हणाले, "लोकांच्या पायाशी बसायचं सोडलं आपण, आणि तू शिकूनसवरून पगार घेऊन परत तितंच बसलीस व्हय?" मी म्हटलं, "बाबा, आता ते पाय पुढं करून गप्प बसतात आणि बोलते मी." ते हसले. पण त्यांना ते काम कधी मनापासून आवडलं नाही.

पायाची दुखणी बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटतात. वय झालं की तळव्याखालची गादी झिजते. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं. चार पावलं चाललं की कमी होतं, म्हणून घरचे म्हणतात, नाटकं करते. कुरूप म्हणजे दाबानं घट्ट झालेली कातडी. तिचं टोक आत असतं, म्हणून माणसाला वाटतं काटा मोडलाय. मग ब्लेडनं कोर, बिब्ब्याचा चटका दे, असं चालतं. चटक्यानं कुरूप जात नाही, शेजारची चांगली कातडी जाते. भेगांत मेण नाहीतर राळ भरायची. वर मेण, आत पू. यातलं काहीच मरणाचं दुखणं नव्हे. पण म्हाताऱ्या माणसाचा पाय थांबला की तो आधी शेतातून उठतो, मग देवळातून, मग परसातून, आणि शेवटी खाटेवरच राहतो. हे मी इतक्यांदा पाहिलं की नंतर कुणाचं चालणं बघूनच पुढचं कळायला लागलं. ते कळणं काही सुखाचं नव्हतं.

वाळव्याकडचे एक बागायतदार आबा आठवतात. जीपमधून आले, बरोबर तीन धिप्पाड मुलगे. मुलगे म्हणाले, "आबास्नी संधिवात हाय. लय दवाखानं झालं." मी मोजे काढले. उजव्या अंगठ्याचं नख मेंढ्याच्या शिंगासारखं वळून शेजारच्या बोटात घुसलं होतं. बाकीची नखंही तशीच. आबांना वाकता येत नव्हतं आणि डोळ्यांत मोतीबिंदू. दसऱ्याला सगळं घर त्या पायांवर डोकं ठेवायचं. डोकं ठेवणाऱ्यांचे डोळे मिटलेले असायचे. नखं भिजवून, हळूहळू कापून काढायला माझी सगळी सकाळ गेली. मुलगे बाहेर गेल्यावर आबा पुटपुटले, "सुनंला कसं सांगू बाई, माजी नकं काप म्हणून? आन ल्योकांस्नी कवा सांगावं? घावतच न्हाईत." जाताना ते पोरासारखे रडले.

पण मला सांगायचंय ते हवालदाराबद्दल.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. माणदेशातून एक पेन्शनर हवालदार आले, गणपतराव. उंच, मिशीला पीळ, अंगात जुना खाकी कोट, पायात पॉलिश केलेले फौजी बूट. सरळ चालत आले, लंगडले नाहीत. पण त्यांच्याआधी वास आत आला. या कामात वास ओळखायला शिकावं लागतं, आणि हा वास मला माहीत होता. मागून बायको आली, हौसाबाई. लहानखुरी, डोक्यावर गाठोडं. ती दाराशीच थांबली.

"काय होतंय?" मी विचारलं.

"व्हत काय न्हाई, सिस्टर. दुखत न्हाई, खुपत न्हाई. हीच म्हनती, वास येतोय."

बूट सहजी निघेना. मोजा कातडीला चिकटला होता. पाणी टाकून टाकून सोडवला. बुटाच्या तळातून एक खिळा वर आला होता आणि तो तळव्यात घुसून घुसून आत खड्डा झाला होता. दोन बोटं काळी पडली होती. हवालदार आपल्याच पायाकडे कुणा दुसऱ्याचा असल्यासारखे बघत होते.

"हे टोचलं नाही तुम्हाला?"

"न्हाई बा. बूट चांगला व्हता की."

लघवी तपासायची तेव्हाची रीत अशी होती: परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, थेंब टाकायचे, स्पिरीटच्या दिव्यावर उकळायचं. साखर नसेल तर निळं राहतं. त्यांचं बघता बघता विटेसारखं लाल झालं. कितीतरी वर्षं साखर वाढत असणार. ती आधी पायाची जाणीव खाते. दुखणं हा पायाचा राखणदार. तो मेला की चोर कधी शिरला ते घरधन्याला कळत नाही. रडत येणाऱ्या पायांना मी कधी भ्याले नाही. "दुखत न्हाई" म्हणत येणाऱ्यांना भ्यायचे.

आमचे सर्जन मोठ्या मनाचे होते, पण गोडगोड बोलणं त्यांना जमायचं नाही. त्यांनी पाय पाहिला आणि म्हणाले, "दोन बोटं आज काढू. काळं वर चढलं तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल."

"सायेब, दुखत न्हाई, मग कापायचा कशाला?"

"दुखत नाही, हाच तर रोग आहे."

हवालदार हसले. त्यांना ती थट्टा वाटली. बोटांना त्यांनी होकार दिला. पायाचं नाव काढू देईनात. म्हणाले, "लढाईतनं दोन पायांवर परत आलोय. आता गावात कुबड्या घिऊन फिरू?"

बोटं काढली. मग मी रोज जखम धुवायची, सडकं कापायचं, औषधात भिजवलेली पट्टी भरायची. ते खाटेवर ताठ बसून मला फौजेतल्या गोष्टी सांगायचे. मी कात्रीनं मांस कापत असायचे आणि ते बर्फातल्या चौकीवर चहा कसा करायचे ते सांगत असायचे. पापणीसुद्धा हलायची नाही. वॉर्डातल्या माणसांना तो त्यांचा शूरपणा वाटायचा. ते काय होतं हे मला आणि डॉक्टरांनाच ठाऊक होतं. काळी रेघ हळूहळू घोट्याकडे सरकत होती.

हौसाबाई खाटेखाली चटई टाकून झोपायची. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी असलेल्या पडवीत तीन दगडांवर भाकरी भाजायची, नळावरून पाणी आणायची, नवऱ्याचं भांडं रिकामं करायची. दिवसभर तिची येजा. ती पावलाच्या कडेवर चालते, टाच टेकवतच नाही, हे माझ्या ध्यानात आलं होतं. एका दुपारी मी तिला म्हटलं, "मावशी, इथं बसा. पाय बघू तुमचे."

ती लाजून मागं सरकली. "आवं, माज्या पायाला काय बगायचं? चालत्यात न्हवं?"

"बसा म्हणते ना."

"तुमी हात नका लावू बाई. पाप लागंल मला."

शेवटी मी तिला खांद्याला धरून हवालदारांच्या खाटेशेजारी बसवलं आणि पाय कोमट पाण्यात सोडायला लावले. पाण्याचा रंग मातीसारखा झाला. टाचांना अशा भेगा होत्या की आतलं लाल दिसत होतं. काहींत राळ भरून दगड झाली होती. दुष्काळात ती सडकेच्या कामावर खडी फोडायला होती, तेव्हापासून अनवाणीच. डाव्या तळव्यात कुरूप होतं, निबर, त्यावर चटक्याचे जुने डाग. मी कातडी थराथरानं काढत गेले आणि खाली खरंच काटा लागला. बाभळीचा, काळा पडलेला, आतल्या आत पुवात बसलेला. चिमट्यानं ओढला तेव्हा तिनं पदर तोंडात कोंबला आणि खाटेचा गज घट्ट धरला.

हवालदार बघत होते.

"हे कवापास्नं?" त्यांनी विचारलं.

"हाय की. लय दीस झालं."

"मला कदी बोलली न्हाईस?"

"तुमी कवा व्हता घरी?" ती सहज म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "सुट्टीवर यायचा तवा चार दीस. तवा पायाचं काय सांगत बसू? आन पेन्शनीवर आलासा तवर अंगवळनीच पडलं व्हतं."

मी तिच्या टाचांना मलम लावलं, पट्ट्या बांधल्या, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि दोन दिवस पाय टेकायचा नाही असं बजावलं. तिनं मान डोलावली, आणि मी पाठ फिरवताच घागर घेऊन नळावर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर फेरीला आले तेव्हा हवालदारांनी स्वतःहून सांगितलं, "घ्या सायेब पाय."

नंतर मी पट्टी सोडत असताना ते खालच्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, नासका पाय घिऊन घरी गेलो तर ही मला पाटीवर घील. न्हाई म्हनायची न्हाई. काल तिचं पाय बगितलं. माजं काय, मी लाकडाचा पाय लावीन."

शस्त्रक्रिया चांगली झाली. गुडघा वाचला. दोन दिवस त्यांना ताप नव्हता. आम्हाला सगळ्यांनाच वाटलं, यातून निघाले हे. मग एक विचित्र गोष्ट झाली. नसलेला पाय दुखायला लागला. असं होतं, पाय जातो, पण डोक्यातली त्याची जागा जात नाही. ज्या पायात खिळा घुसलेला कळला नाही, त्या पायाची कापून टाकलेली बोटं आता त्यांना पिळवटून काढत होती. हा ताठ माणूस उशीत तोंड घालून कण्हायचा. हौसाबाई चादरीच्या त्या मोकळ्या जागेवरून हात फिरवत राहायची.

मला म्हणाले, "व्हता तवा दुखला न्हाई. आता न्हाई तर दुखतोय. ह्यो कुटला न्याव म्हनायचा?"

मी दुखणं थांबवायची सुई भरायला उठले.

मग ताप चढला. विष रक्तात गेलं होतं. होती ती सगळी औषधं दिली. तेव्हा फार नव्हतीच. मुंबईला गिरणीत असलेला मुलगा, दत्तू, तार मिळून आला तेव्हा वडिलांनी त्याला ओळखलं नाही. त्याच दुपारी, वॉर्डात ताटं वाजत असताना, हवालदार गेले.

हौसाबाई रडली नाही. मी त्यांचे डोळे मिटले, हात सरळ केले. चादर वर ओढणार तोच तिनं माझा हात धरला.

"बाई, ह्यांचा पाय कुटं हाय?"

मला वाटलं, तिचं भान सुटलंय. मी म्हटलं, "मावशी, तो काढला ना."

"काडला ते ठावं हाय मला. ठिवला कुटं?"

दत्तू कळवळून म्हणाला, "आये, आता काय करायचंय त्या पायाला? चल, गाडी बगायची हाय."

ती त्याच्याकडे वळली. "तू गप रं. ह्यांच्या संगतीचं लय जन फौजेतनं घरी आलं. कुनाला हात न्हाई, कुनाला पाय न्हाई. कुनाची नुसती तार आली. माजा मानूस अक्का आला व्हता. आन आता म्या त्येला अर्दा जाळू व्हय?"

कापलेले अवयव आम्ही कुठं पाठवतो हे कुणी नातेवाईक सहसा विचारत नसत. रुग्णालयाच्या मागं, कुंपणाच्या भिंतीजवळ खोल खड्डे असायचे. सफाईचं काम बघणारे बंडूमामा ते पोत्यात बांधून, वर चुना टाकून पुरायचे. मी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, नाही म्हणणार. ते म्हणाले, "खड्डा ताजा आहे ना? बंडूला घेऊन जा. तुम्ही स्वतः जा, सिस्टर. भलताच पाय यायला नको."

ऊन रखरखत होतं. बंडूमामांनी तोंडाला फडकं बांधलं, मीही बांधलं. ते खोदायला लागले. त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, तुमास्नी वळखंल?" मी म्हटलं, "ओळखेन." रोज सकाळी मांडीवर घेऊन धुतलेला पाय होता तो. पहिलं पोतं दुसऱ्याच कुणाचं निघालं. हात होता, ऊस गाळायच्या चरकात गेलेला. बंडूमामांनी त्याला परत माती दिली. दुसऱ्यात हवालदारांचा पाय होता. दोन बोटं नसलेला, चुन्यानं पांढरा पडलेला. वासाबद्दल लिहीत नाही.

हौसाबाई तोवर मागं येऊन उभी राहिली होती. तिला मी येऊ नका म्हटलं होतं. तिनं बंडूमामांकडून बादली मागून घेतली, खाली बसली आणि तो पाय धुतला. चुना गेला, माती गेली. सणासुदीला नवऱ्याच्या पायावर पाणी घालावं तसं ती पाणी घालत होती. दत्तू भिंतीला टेकून उभा होता. थोड्या वेळानं तोही पुढं आला आणि बादली भरून आणायला लागला.

तो पाय मी नव्या कापडात गुंडाळून आत नेला. गुडघ्याखाली त्याच्या जागेवर धरला. पण एका हातानं धरायचा आणि दुसऱ्यानं बांधायचं हे जमेना. तेवढ्यात कुणीतरी पलीकडून तो पाय सरळ धरला. डॉक्टर होते. आम्ही दोघं मिळून बांधत होतो. मी आडवी-तिडवी, गव्हाच्या ओंबीसारखी पट्टी घातली, जी जिवंत माणसालासुद्धा सुटू नये म्हणून घालतो. एवढं नीट ड्रेसिंग मी आधी केलं नव्हतं आणि पुढंही झालं नाही. चादर ओढल्यावर खाटेवर अख्खा माणूस दिसत होता.

कृष्णेच्या घाटावर त्यांचं सगळं झालं. बायकांनी घाटावर जायची रीत नव्हती. हौसाबाई रुग्णालयाच्या फाटकापर्यंतच गेली. तिच्या टाचांच्या पट्ट्या पार काळ्या झाल्या होत्या. मी तिला परत आणलं, बाकावर बसवलं आणि त्या बदलल्या. या वेळी तिनं पाय मागं घेतला नाही. मग ती रडली. मी बांधत राहिले, ती रडत राहिली.

दत्तू तिला मुंबईला नेणार होता. ती गेली नाही. गावाकडेच राहिली, मेंढरं सांभाळून.

पुढच्या वर्षी संक्रांतीनंतर ती माझ्या दारात उभी. पायात मोटारीच्या टायरच्या चपला, जाड, मापाच्या. बरोबर एक थकलेली बाई, काठीवर. "ही माजी जाऊ," हौसाबाई म्हणाली. "पाय बदीर झाल्यात म्हनती. 'दुखत न्हाई, कशाला जायचं' म्हनत व्हती. म्या म्हनलं, चल माज्यासंगं. दुखत न्हाई म्हनून तर जायचं."

जावेच्या लघवीत साखर निघाली. पण जखम नव्हती अजून. वेळेवर आली होती. त्यानंतर हौसाबाई दरवर्षी दोन-तीनदा यायची. कधी शेजारीण, कधी म्हातारा चुलता, एकदा तर गावचा गुरव. घरी बसून ती लोकांचे तळवे बघायची, चपलेत हात घालून खिळे चाचपायची. सगळे वाचले असं नाही. एका म्हाताऱ्याचा पाय गेला, एक बाई पुन्हा आलीच नाही. जे वाचले ते तरी का वाचले, हे त्यांना कधी कळलं नसणार. माझ्या खोलीत त्या सालांत जेवढी माणसं वेळेवर आली, त्यांतली कितीतरी तिनं हाताला धरून आणलेली होती. आणि तरी वेळेवर न आलेल्यांची रांग लांबच राहिली. निवृत्त झाले तेव्हाही ती तशीच होती.

मग एका हिवाळ्यात हौसाबाईऐवजी तिची ती जाऊच आली. मागं दोन अनोळखी म्हाताऱ्या. मी विचारलं, "हौसामावशी कुठं आहेत?"

जावेनं पदर सारखा केला. "गेली की वो. तापानं. चार दीस सुदीतच न्हवती." मग म्हणाली, "आंगूळ घातली तवा बगितलं म्या. टाचा अगदी कवळ्या पोरीगत झाल्या व्हत्या तिच्या."

मी खाली बघून कात्र्या पुसत बसले. दोन्ही म्हाताऱ्या बाकावर अंग चोरून टेकल्या होत्या. त्यांतली एक दबक्या आवाजात म्हणाली, "आमी आपल्या आलो. हौसा सांगून गेली व्हती, तितली बाई पायाला हात लावती, लाजायचं न्हाई."

आणि तिनं लुगडं घोट्यावर घेऊन पाय पुढं केला.